जैबुनबीचा फिरता हात

पांढरकवड्यात जैबुनबीचं घर विचारलं की लोक उलट विचारायचे, "कोणती? लाखवाली का मातीवाली?" दोन्ही एकच होत्या. पण आधी लाखवाली होती आणि मग मातीवाली झाली, आणि गावाला जुनं नाव लवकर सोडवत नाही.

लाखेच्या बांगड्यांचं काम तिच्या सासरी चार पिढ्यांचं. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, लाकडी दांड्यावर ओढायची, गरम असतानाच अंगठ्यानं दाबून गोल करायची. लाख थंड झाली की ऐकत नाही, म्हणून अंगठ्यानं थांबायचं नसतं. चाळीस वर्षं ती थांबली नाही. तिच्या उजव्या अंगठ्याची कातडी बैलाच्या खुरासारखी झाली होती. चहाची उकळती किटली ती उघड्या हातानं उतरवायची आणि सुना 'हाय अल्ला' म्हणाल्या की हसायची.

मग कापसाची ती वाईट सालं आली. गावोगावी घरं अशी मुकी झाली की लग्नं व्हायची ती पन्नास माणसांत, बांगड्या प्लास्टिकच्या. लाखेचा जोड मागायला कोणी येईना. जैबुनबी पाटावर बसून निखारे विझताना पाहायची. रडायची नाही. रडून निखारे पेटत नाहीत, एवढं तिला शाळेत न जाताही माहीत होतं.

तेव्हा तिची भाची शगुफ्ता, हैदराबादेत दिलेली, ईदला येताना रंगीत मातीच्या वड्या घेऊन आली. साबणाच्या वडीएवढ्या. म्हणाली, "खाला, ही पॉलिमरची माती आहे. पाणी लागत नाही, वाळत नाही, चुलीवर भाजत नाहीत. भट्टीत मंद शेकली की कडक होते अन् जन्मभर राहते." जैबुनबीनं वडी चिमटीत दाबली. लाखेसारखीच, पण थंड! जिच्यासाठी अंगठा जाळावा लागत नाही अशी लाख! दुपार होईपर्यंत तिनं गुलाब केला, तोही सुईच्या टोकाएवढ्या पाकळ्यांचा.

भट्टी मात्र घरी कुठली? पलीकडच्या गल्लीत कय्युमची बेकरी. त्याची भट्टी पावासाठी लाल झालेली असतानाच जैबुनबीनं पाच-सहा गुलाब एका फरशीवर मांडून ती आत सरकवली. मंद म्हणजे किती मंद, हे शगुफ्तानं सांगितलं होतं, पण ते हैदराबादच्या विजेच्या भट्टीच्या आकड्यात, आणि कय्युमच्या भट्टीला आकडे नव्हते. गुलाब काळे झाले आणि असा धूर निघाला की त्या दिवसाचे टोस्ट कुत्र्यानंही हुंगून सोडले.

"चाची," कय्युम डोळे पुसत म्हणाला, "माह्यावर काई राग असन तर तोंडानं सांग. धंदा कायले बुडवून राह्यली?"

पण माणूस भला. मागच्या अंगणातली बापाच्या वेळची लहान भट्टी बंद पडून होती, ती त्यानं तिला देऊन टाकली. दोघांनी मिळून तिची रीत बसवली. आग काढून घ्यायची, उघडा हात आत धरायचा आणि मोजायचं. पाचला चटका बसला तर अजून गरम आहे. दहापर्यंत हात टिकला तर फरशी आत जाऊ द्या. अंदाज कय्युमच्या हातानं घ्यायचा, कारण जैबुनबीचा हात पन्नासपर्यंतही टिकला असता.

तिची फुलं, झुमके, गळ्यातले मणी पाहून मंजुषाताई आल्या. कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या घरातल्या, वडील-आजोबा सगळे टेबलामागे बसणारे. त्यांची बायकांची एक संस्था होती. म्हणाल्या, खेड्यातल्या बायकांना शिकवाल का? जैबुनबी म्हणाली, "मले शिकवता येत नाई. पण बसतील तर बसू द्या." अशी बाजाराच्या दिवशी तिच्या अंगणात अकरा जणी बसू लागल्या.

बसायची एक पद्धत पडली. आधी हात ओल्या फडक्यानं पुसायचे, मग पांढरी माती, मग पिवळी, आणि काळी सर्वांत शेवटी, कारण काळं लागलेल्या बोटांनी पांढऱ्याला हात लावला की पांढरं मेलं. उन्हाळ्यात माती लोण्यासारखी होई, म्हणून डबा रांजणाच्या बुडाशी. हत्यारं म्हणजे दाभण, झिजलेला दातांचा ब्रश, रिकामी रिफिल आणि लाटायला काचेची बाटली. गप्पांना तर हत्यारही लागत नव्हतं. त्या अकरा घरांतलं काय काय त्या अंगणात बोललं गेलं, ते मातीबरोबर मळलं गेलं हे बरं झालं. काही दिवशी मात्र एखादी उशिरा येई, डोळे सुजलेले, आणि कोणी काही विचारत नसे. तिच्यापुढे मातीचा गोळा ठेवला जाई, इतकंच.

शेवटी चहाआधी जैबुनबी उठायची आणि एकेकीच्या पुढ्यात बसून तिचं काम हातात घ्यायची. अंगठ्याचा एक दाब, नखाचा एक वळसा, आणि बसकं फूल उभं राहायचं. याला बायका 'चाचीचा हात फिरणं' म्हणत. तो फिरला की माल विकला जाई, म्हणून सगळ्या खूश. जैबुनबी तर सर्वांत खूश. आपण शिकवतो आहोत असं तिला वाटत होतं.

अकरा जणींत एक रामीबाई. दूरच्या बंजारा तांड्यावरची, तिशी ओलांडलेली, बोलायला कंजूस. सात वर्षांची असल्यापासून कापूस वेचलेला. वाळल्या बोंडाची टोकं टोचून तिच्या बोटांवर बारीक काळे ठिपके पडले होते, गोंदल्यासारखे. पण ती बोटं मातीत गेली की जैबुनबीचं आपलं काम थांबायचं. आदल्या सालच्या दिवाळीनंतर तिचा बाप शंकरसिंग गेला होता. त्या सालांत जिल्ह्यात कर्जापायी माणसं जशी गेली तसाच. त्याबद्दल तिनं अंगणात कधी तोंड उघडलं नव्हतं.

इकडे जैबुनबीचा अंगठा रुसला. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग एक दिवस मंजुषाताईंच्या समोर तिच्या हातातून कप निसटला. तिनं सांडलेला चहा पुसत म्हटलं, "कान तुटका होता." मंजुषाताईंनी कप उचलून पाहिला. कान धड होता.

डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, नागपूरला कापून मोकळी करावी लागेल, तरी पकड पहिल्यासारखी येईल असं सांगता येत नाही.

मंजुषाताईंनी मग मनातलं सांगितलं. "जैबुनबी, मारेगावला पावसाळ्याआधी असाच वर्ग काढायचा आहे. तिथं शिकवायला तुमच्यातली एक हवी. अन् तुमचा हात नाही राहिला, तर इथंही हवी. कोण आहे?"

"अवो, अकराच्या अकरा हायेत!"

"एकीचं नाव सांगा."

जैबुनबीच्या तोंडून लगेच आलं, "रामीबाई." आणि तिला हलकं वाटलं. अंगठा गेला तर गेला. त्यातलं जे होतं ते कुणाच्या तरी बोटांत राहील. नाही तर चार पिढ्यांचं ते कसब तिच्याबरोबर कब्रस्तानात जाणार होतं, आणि त्याची तिला मरणापेक्षा जास्त भीती होती.

आणि त्याच आठवड्यात तिनं मोठा घोळ केला.

रामीबाईनं त्या दिवशी कापसाचं बोंड केलं होतं. अळी लागलेल्या बोंडाची एखादी पाकळी उलत नाही, पिवळीकाळी होऊन आतल्या आत चिकटून बसते. तिला कवडी म्हणतात. वेचणाऱ्या बाया ती नखानं खरवडून वेगळ्या ओट्यात, कमरेला खोचलेल्या पदराच्या झोळीत, टाकतात. रामीबाईच्या बोंडाच्या तीन पाकळ्या फुलल्या होत्या आणि चौथी कवडी होती. डाग कुठं गडद, कुठं फिका, अळीचं भोकसुद्धा दाभणाच्या टोकानं केलेलं. दोन तास तिनं मान वर केली नव्हती.

जैबुनबी आली, बसली, हात फिरवला. कवडी काढून टाकली, पांढरी माती भरली, ब्रशनं फुलवली. अंगठा बधिर असूनही असं बोंड झालं की पाहत राहावं. दुधासारखं.

"आता पाय," ती म्हणाली, "आता इकलं जाईन."

बाकीच्या दहा जणी 'वा चाची' म्हणाल्या. रामीबाईनं बोंडाकडे पाहिलं, हात पुसले आणि पदर सावरून उठली. चहा न घेता गेली. पुढच्या बाजारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जैबुनबीला वाटलं, वेचणी असेल. वेचणी तर केव्हाच सरली होती, हे तिला कळत होतं. पण माणूस आपल्याला सोयीचा तोच महिना धरून चालतो.

मग नागपूर झालं. महिनाभर हात गळ्यात. आज्ञा करून गेली होती की वर्ग बंद पडता कामा नये, आणि मंजुषाताईंनी कळवलं होतं की एकही बाजार चुकला नाही. पट्टी निघाली. अंगठा हलत होता, पण त्याच्यात जीव नव्हता; सुई धरली की सुई पडे. परत आल्या दिवशी ती थेट अंगणात गेली.

ओसरीवर फळीवर फळी मांडलेली. त्यावर उपडे ठेवलेले पेले, वाट्या, बशा. तिनं डाव्या हातानं एक पेला उचलला. खाली गुलाब, न भाजलेला. दुसरा. पान, न भाजलेलं. एकेचाळीस वस्तू होत्या. धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवलेल्या, प्रत्येकीच्या वस्तूशेजारी ओळखीला चिंधी.

"हे काय व? भट्टीत काहून नाई गेलं?"

बायका लाजून हसल्या. "तुमचा हात फिराचा रायला न, चाची."

जैबुनबी पायरीवर बसली. एवढ्या सालांत तिनं कुणाला काही शिकवलंच नव्हतं. अकरा जणींकडून माती मळून घेतली होती आणि अकरा ठिकाणी स्वतःच फूल केलं होतं. तिचा अंगठा नागपुरात मेला, आणि इथं एकेचाळीस वस्तू त्याची वाट पाहत पेल्याखाली बसल्या होत्या.

मग तिनं विचारलं, "यात रामीबाईचं कोणतं?"

"तिचं कायचं असन? ती येतेच कुठं!"

दुसऱ्या दिवशी जैबुनबी काळीपिवळी जीपमध्ये बसून तांड्यावर गेली. पिशवीत मातीचा डबा. जीपवाला अमरसिंग तांड्याचाच. त्यानं घर दाखवलं. दारात रामीबाईची याडी, म्हणजे आई, आरशांच्या कपड्यातली म्हातारी, पाण्याचा तांब्या देऊन आत गेली. रामीबाई बाहेर आली आणि उभीच राहिली.

"आली व मी," जैबुनबी म्हणाली.

"दिसून राह्यलं."

"माह्यावर रागावली."

"तुमच्यावर रागवाले मी कोण? तुमची माती, तुमची भट्टी."

"बोंड तुह्यं होतं न."

त्यावर रामीबाई खाली बसली. जमिनीकडे पाहत म्हणाली, "बापाच्या वावरातली शेवटली वेचणी मीच केलती. अर्धा कापूस कवडीच निघला. मंग वावर गेलं. याडी म्हणते, त्या वावराचं घरात काईच नाई रायलं. म्हणून तिच्यासाठी एक बोंड करून राह्यलती. जसं होतं तसं. तुमी केलं तसं बोंड त्या साली आमच्या वावरात एक नोतं, चाची. तसं असतं तर..."

जैबुनबीनं आयुष्यात हजारो वस्तू सुधारल्या होत्या. एखादी वस्तू सुधारणं म्हणजे खोटं बोलणं असू शकतं, हे तिला साठीला आल्यावर एका ओसरीवर समजलं. तिनं डबा पुढे सरकवला.

"कर न परत."

"हात लावाचा नाई."

"नाई लावत." आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. खरंच त्यांच्यावर बसली.

रामीबाई करू लागली. पाकळ्या झाल्या, कवडी झाली, पहिल्यापेक्षा काळी. मग तिनं देठ वळला आणि बोंडाला चिकटवला, नुसत्या मातीचा, आत तार न घालता. जैबुनबीला दिसत होतं, एवढं बोंड त्या देठावर भट्टीत टिकणार नव्हतं. मांडीखाली तिची बोटं वळवळली, मेलेला अंगठासुद्धा. पण शब्द म्हणजे शब्द. ती गप्प राहिली.

दोघी जीपनं कय्युमच्या भट्टीवर गेल्या. कय्युमनं हात आत धरून दहा मोजले, फरशी सरकवली. अर्ध्या तासानं काढली तेव्हा देठ दोन ठिकाणी मोडला होता आणि बोंड आडवं पडून एका बाजूनं चेपलं होतं.

रामीबाईनं तुकडे उचलले. "तुमाले दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"तूच म्हणली न, हात लावाचा नाई!"

"हात म्हणली होती, चाची! तोंडाले कोण पट्टी बांधाले सांगतली होती?"

कय्युम पावाच्या टोपल्यामागे तोंड लपवून हसला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चाचीचं तोंड बंद रायलं," तो म्हणाला, "अन् तेच नुकसानीचं ठरलं."

जैबुनबी मात्र हसली नाही. घरी जाताना ती ते वाक्य पुन्हापुन्हा मनात फिरवत होती. तोंडानं सांगायचं. पण काय सांगायचं? चाळीस वर्षं सारं अंगठ्याला माहीत होतं. त्यानं तिलाही कधी सांगितलं नव्हतं. माती किती मळायची हे ती कधी बोललीच नव्हती, नुसती मळून द्यायची. रात्रीच्या भाकरी थापणाऱ्या सुनेकडे पाहत ती एकटीच पुटपुटू लागली, आणि घरातल्यांना वाटलं, आता डोकंही गेलं.

पुढच्या बाजारी ती पायरीवर बसली, खाली उतरलीच नाही. हातात चहाचा पेला, दोन्ही हातांनी धरलेला. आणि तिथून बोलू लागली. "कानाची पाळी चिमटीत धरून पाहा. माती तेवढी मऊ पाह्यजे." "पाकळीचा काठ पापडासारखा, बूड भाकरीसारखं." "देठात तार. आपल्या पाठीतबी हाड असते का नाई?" शब्द सापडत नव्हते तेव्हा ती चिडायची, 'अगे ते, तसं नाई, ते', म्हणत हात पुढे यायचा आणि पेल्यातला चहा सांडायचा. बायका म्हणत, "चाची, हात फिरवा न एकदा, कायले कष्टी होता?" ती म्हणे, "माह्या हातात आता फक्त चहा फिरते."

माल बिघडला, हे कबूल केलं पाहिजे. यवतमाळच्या प्रदर्शनाला गेलेली फुलं वाकडी होती आणि बरीच परत आली. दोघी वर्ग सोडून गेल्या. त्यांना चाचीचा हात हवा होता, चाचीचं तोंड नको होतं. मंजुषाताई काळजीत पडल्या. जैबुनबीनं त्यांनाही चहा दिला.

रामीबाई परत आली होती. कोपऱ्यात बसायची. तिसऱ्या खेपेचं बोंड तारेच्या देठावर उभं राहिलं आणि ती ते आईसाठी घेऊन गेली. आईनं ते हातात घेतलं, कवडीवरून बोट फिरवलं आणि चुलीवरच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. तांड्यावरून ही बातमी अमरसिंगनं आणली, आणि जैबुनबीनं ती दोनदा सांगायला लावली.

वैशाखात एक दिवस कय्युमनं भरलेली फरशी अंगणात आणून ठेवली. चिंध्या भट्टीत घालता येत नाहीत, म्हणून नेहमी गोंधळ व्हायचा. कुणाचं काय ते सांगता येत नसे, सगळंच चाचीचं दिसायचं. जैबुनबी डाव्या हातानं एकेक उचलू लागली. हे जाड काठाचं, तुझं. हा मान खाली घातलेला झेंडू, तुझा. हे घाईघाईचं पान तुझ्याशिवाय कुणाचं असणार? नऊ जणी, पस्तीस वस्तू, एकही चुकली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. त्या ढिगात तिचं स्वतःचं एकही नव्हतं. आणि तिनं पुन्हा एकदा पाहिलं, कारण इतक्या सालांनी थोडं वाईट वाटणारच.

मारेगावचा वर्ग ठरला तेव्हा मंजुषाताईंनी रामीबाईला विचारलं. ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "मी बोलत नाई जास्त." जैबुनबी म्हणाली, "तू पंधरा शब्द बोलशीन तर पंधरा कामाचे असतीन. मी पाचशे बोलते, चहा धरून."

जायच्या दिवशी सकाळी रामीबाई डबा घ्यायला आली. जीप हॉर्न देत होती.

"पहिल्या दिवशी काय शिकवू, चाची?"

"काई नको शिकवू. माती दे, बसू दे. कोणती बाई काय करते ते पाय."

"अन् कोणी चुकली तर?"

"तोंड हाये न तुले."

जैबुनबीनं डबा, ब्रश, दाभण, बाटली फडक्यात मांडलं आणि गाठ मारायला घेतली. डाव्या हातानं टोक ओढलं, उजव्याच्या अंगठ्यानं दाबायला गेली, तो निसटला. पुन्हा ओढलं. पुन्हा निसटला. रामीबाई समोर उभी होती, दोन्ही हात रिकामे. जीपनं परत हॉर्न दिला. रामीबाईनं हात पुढे केले नाहीत. "खालच्या टोकाले दातानं धरा, चाची," ती म्हणाली. जैबुनबीनं टोक दातात धरलं आणि दुसरं ओढलं.

गाठ सैल बसली, एका बाजूला कललेली. रामीबाईनं ती तशीच उचलली आणि जीपकडे गेली.